नफा वीस लाख, कर कुणाचा?

पत्र: मी ऐरोलीत राहते. रबाळे एमआयडीसीत सासऱ्यांनी उभं केलेलं सीएनसी जॉबवर्कचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर दुसऱ्यांचे भाग करून द्यायचं) वर्कशॉप ते थकल्यापासून मी बघते. व्यवसाय माझ्या नावावर आहे, प्रोप्रायटरशिप. मागच्या वर्षी नव्वद लाखांची उलाढाल झाली, नफा वीस लाख. कागद सीएंकडे देते, ते म्हणतील तिथे सही करते आणि सांगतील तेवढा कर भरते. माझा मावसभाऊ म्हणतो, प्रायव्हेट लिमिटेड करून टाक, कंपनीला पंचवीस टक्केच कर, तू उगाच तीस टक्क्यांत अडकलीयस. त्यात वर्ष मार्चला संपणार आणि कर मात्र जूनपासून भरायचा. आणि वीस लाख नफा म्हणतात, तो मला खात्यात कधी दिसलाच नाही! मला हे सगळं स्वतःला समजून घ्यायचंय. एखादा कोर्स करू का?

उत्तर: ताई, कोर्सचं नंतर बघू. रिटर्न भरल्यावर सीए तुम्हाला उत्पन्नाची आणि कराची आकडेमोड केलेला दोन-तीन पानी कागद देतात. त्याला ते कॉम्प्युटेशन म्हणतात. बहुतेक लोक तो फाइलला लावून विसरतात. तुम्ही तो बाहेर काढा, कारण त्यातला प्रत्येक आकडा तुमच्याच वर्कशॉपमधून आलेला आहे. परक्या उदाहरणावर शिकण्यापेक्षा स्वतःच्या आकड्यांवर शिकलेलं डोक्यात राहतं.

तो कागद हातात घेतला की आधी एक गोष्ट पक्की करा. प्राप्तिकरात दर किती, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की उत्पन्न कुणाचं? तुमच्या मावसभावाची सगळी गल्लत इथे आहे.

प्रोप्रायटरशिपमध्ये वर्कशॉप आणि तुम्ही कायद्याच्या नजरेत एकच. बोर्डावर काहीही नाव असो, पॅन तुमचाच. वर्कशॉपचा नफा, ठेवींचं व्याज, कुठलं भाडं येत असेल तर ते, सगळं एकत्र करून त्यावर तुम्हाला व्यक्ती म्हणून कर लागतो, तोही टप्प्याटप्प्याने. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या करप्रणालीचे दर घ्या. पहिल्या चार लाखांवर शून्य. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. आठ ते बारावर १० टक्के, ४०,०००. बारा ते सोळावर १५ टक्के, ६०,०००. सोळा ते वीसवर २० टक्के, ८०,०००. बेरीज दोन लाख, त्यावर ४ टक्के उपकर आठ हजार. तुमचा एकूण कर २,०८,०००. वीस लाखांवर हे साडेदहा टक्केही होत नाहीत. तीस टक्क्यांचा टप्पा चोवीस लाखांच्या वर सुरू होतो आणि तोही फक्त वरच्या रकमेला लागतो. तुम्ही तिथे पोचलेल्याच नाही आहात.

आता कंपनी. कंपनी केली की कायद्याने एक नवी व्यक्ती जन्माला येते. तिचा पॅन वेगळा, रिटर्न वेगळं, खातं वेगळं. मशीनवर काम तुम्हीच उभं राहून करून घेणार, पण नफा तिचा. तिला टप्पे नाहीत. पहिल्या रुपयापासून कर. आणि व्यक्तीला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर जी करसवलत मिळते, ती तिला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून देशी कंपन्यांना इतर सवलती सोडण्याच्या अटीवर २२ टक्क्यांचा दर दिला. त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर चढला की २५.१६८ टक्के होतात. तुमच्या मावसभावाने ऐकलेले पंचवीस टक्के हेच असावेत. वीस लाखांवर ते ५,०३,३६० होतात.

एवढ्यावर भागत नाही. उरलेले १४,९६,६४० कंपनीच्या खात्यात आहेत, तुमच्या नाहीत. ते घरात आणायचे तर लाभांश जाहीर करायचा. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर कंपनी भरत नाही, तो भागधारकाच्या हातात, त्याच्या टप्प्यांप्रमाणे लागतो. दुसरं उत्पन्न नसेल तरी तुम्हाला त्यावर साधारण १,०८,७०० भरावे लागतील. दोन्ही मिळून सहा लाख बारा हजार. आज भरता त्याच्या जवळजवळ तिप्पट, त्याच वर्कशॉपच्या, त्याच नफ्यावर.

मावसभाऊ म्हणेल, लाभांश कशाला, संचालक म्हणून पगार घे. बरोबर आहे, अशा छोट्या कंपन्या तेच करतात. पगार हा कंपनीचा खर्च, म्हणून तेवढ्यावर कंपनीला कर नाही. तुम्हाला पगारदार म्हणून ७५,००० ची प्रमाणित वजावटही मिळते. संपूर्ण वीस लाख पगार घेतलात तर कंपनीचा कर शून्य आणि तुमचा १,९२,४००. आजच्यापेक्षा १५,६०० कमी. पण कंपनीचं ऑडिट दरवर्षी करावंच लागतं, उलाढाल शून्य असली तरी. कंपनी निबंधकाकडे दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण दाखल करायचं. किमान दोन संचालक आणि दोन भागधारक हवेत, नाहीतर एकल व्यक्ती कंपनी. पगारावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापून भरायचा, गाळ्याचं भाडं महिन्याला पन्नास हजारांच्या वर असेल तर त्यावरही. पंधरा हजारांत हे सगळं होत नाही. आणखी एक, तुमच्या जॉबवर्कच्या बिलातून गिऱ्हाईक आज १ टक्का टीडीएस कापतं, कंपनीच्या बिलातून २ टक्के कापेल. परतावा मिळेल, पण तोवर तुमचेच पैसे अडकून राहतील.

मग कंपनी कुणाच्या कामाची? ज्याला मिळवलेलं सगळं घरी न्यायचं नाही त्याच्या. समजा पाच वर्षांनी तुमचा नफा साठ लाख आहे, घराला वीस पुरतात आणि चाळीस लाख नव्या व्हीएमसी मशीनसाठी ठेवायचे आहेत. हेच दर धरले तर प्रोप्रायटर म्हणून साठही लाख तुमचेच, पन्नास लाखांच्या वर गेल्याने १० टक्के अधिभारही, कर १५,७८,७२०. कंपनीत तुम्ही वीस लाख पगार घेतलात तर तुमचा १,९२,४०० आणि कंपनीचा चाळीस लाखांवर १०,०६,७२०. जवळपास तीन लाख ऐंशी हजारांचा फरक. इथे कंपनी खरोखर उपयोगी पडते, कारण वाढीसाठी लागणारा पैसा तीस टक्क्यांच्या टप्प्यातून न जाता २५ टक्क्यांवर थांबतो. पण हा फायदा पैसा आत राहील तोवरच. कंपनीच्या खात्यातून फ्लॅटचा हप्ता भरला, मुलाची फी भरली, उसने म्हणून काढले, तर तो खर्च मान्य होत नाही. आणि मोजक्या लोकांच्या कंपनीने मोठ्या भागधारकाला दिलेलं कर्ज, साठलेल्या नफ्याइतकं, लाभांश समजून त्याच्याकडून कर घेतला जातो. वागळे इस्टेट असो की रबाळे, कंपनी काढूनही खातं खिशासारखं वापरणारे मी पाहिले आहेत. करात वाचवलं त्याहून जास्त त्यांनी नंतर नोटिशी निस्तरण्यात घालवलं.

करापलीकडचीही कारणं असतात. महापे-तुर्भ्याच्या काही मोठ्या गिऱ्हाइकांना व्हेंडर म्हणून कंपनीच हवी असते. धंद्याचं देणं घरावर येऊ नये हा हेतूही रास्त आहे, पण बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी मागतेच, हे ध्यानात ठेवा. गाळा एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावर असेल तर तो कंपनीच्या नावावर करायला महामंडळाची परवानगी लागते. त्याचा खर्च आधी विचारून घ्या.

भागीदारीचं थोडक्यात सांगते. भागीदारी फर्मला आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) सरसकट ३० टक्के, उपकर धरून ३१.२. मात्र काम करणाऱ्या भागीदारांना ठरावीक मर्यादेत मोबदला देता येतो आणि तो फर्मचा खर्च धरतात. उरलेल्या नफ्यावर फर्मने कर भरला की भागीदाराच्या वाट्यावर पुन्हा कर नाही. यजमान खरोखर वर्कशॉपमध्ये राबत असतील तर हा पर्याय सीएंसोबत मोजून बघा. नुसतं नाव लावायचं असेल तर नको. जोडीदाराला तुमच्या व्यवसायातून नावापुरता पगार दाखवला आणि त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान त्यांच्याकडे नसेल, तर ते उत्पन्न कायदा तुमच्याच उत्पन्नात मिळवतो.

आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न: वीस लाख गेले कुठे? हा प्रश्न ज्याला पडतो त्याला कर समजायला वेळ लागत नाही. नफा आणि शिल्लक या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही बिल केलं त्या दिवशी ते उत्पन्न झालं, गिऱ्हाइकाने पैसे तीन महिन्यांनी दिले तरी. उलट बाजूने, बँकेच्या हप्त्यातलं व्याज खर्चात जातं पण मुद्दल जात नाही, कारण मुद्दल फेडणं म्हणजे खर्च नव्हे. घरखर्चाला काढता ती उचल, तीही खर्च नाही. आणि घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी धरायची रक्कम, हा असा खर्च आहे की ज्यात त्या वर्षी खात्यातून काहीच जात नाही. समजा तुमचा नफा वीस आणि घसारा तीन, म्हणजे हातात यायला हवे होते तेवीस लाख. त्यातले सहा मार्चअखेर गिऱ्हाइकांकडे थकले, पाच मुद्दलात गेले, नऊ घरी आले, दोन कर. उरला एक लाख. तुमचे आकडे वेगळे असतील, पण नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद शेजारी ठेवून हा हिशेब तुम्ही एकदा स्वतः मांडाच. मांडल्यावर ताळेबंदाची भीती जाते, हे मी खात्रीने सांगते.

घसाऱ्यावरून आठवलं. मार्च आला की कुणीतरी सांगतंच, मशीन घेऊन टाका, कर वाचेल. दहा लाखांचं मशीन मार्चमध्ये घेतलंत तर यंत्रांचा घसाऱ्याचा दर १५ टक्के आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं म्हणून निम्मा. म्हणजे ७५,०००. तुमच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात त्याने वाचतात १५,६००. त्यासाठी दहा लाख बाहेर गेले. काम असेल तर मशीन जरूर घ्या. करासाठी घेऊ नका.

जूनमध्ये कर का, याचं उत्तर सोपं आहे. नोकरदाराचा कर दर महिन्याला पगारातूनच कापला जातो. धंदेवाल्याकडून तो वर्षभरात हप्त्याने घेतात, त्याला आगाऊ कर म्हणतात. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा जास्त निघणार असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. तुमचा कर २,०८,००० आणि गिऱ्हाइकांनी कापलेला टीडीएस ९०,००० धरला तर भरायचे १,१८,०००. त्यातले जूनला १७,७००. हप्ता चुकला किंवा कमी पडला तर साधारण महिन्याला एक टक्का व्याज. टीडीएस किती जमा झालाय हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती विवरणात, दिसतं. तो कागद दर तिमाहीला उतरवून आपल्या वहीशी ताडा. गिऱ्हाईक कापतं आणि भरत नाही, असं घडतं, आणि मार्चनंतर त्याच्या मागे धावण्यापेक्षा ऑक्टोबरात एक फोन बरा.

कुणी तुम्हाला प्राप्तिकर कायद्याच्या चव्वेचाळीस एडी कलमात जा असंही सांगेल. दोन कोटींपर्यंत उलाढालीच्या छोट्या व्यवसायाला, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून कर भरता येतो. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. आगाऊ करही १५ मार्चला एकदाच. तुमच्या नव्वद लाखांवर सहा टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार, बारा लाखांच्या आतलं म्हणून कर शून्य. मोह होणारच. काही सल्लागार याला हरकत घेत नाहीत. माझं मत वेगळं आहे. कायद्यात ६ टक्के किंवा त्याहून जास्त कमावलेलं असेल तर ते, अशी रचना आहे. ज्याला वह्या ठेवणं झेपत नाही त्याच्यासाठी ही सोय. तुमच्याकडे वह्या आहेत आणि त्यात वीस लाख दिसतात, मग ५.४ दाखवू नका. उद्या मशीनच्या कर्जाला बँक हीच रिटर्नं मागेल आणि तेव्हा वीस लाख कमावता हे कशाने सिद्ध कराल?

आता तुमच्या बाजूचं एक कलम, जे तुमच्या ओळीतल्या कितीतरी गाळ्यांना ठाऊक नसतं. तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर गिऱ्हाइकाने तुमचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ पासून, ही मुदत पाळली नाही तर तुमचं बिल त्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षीच धरता येतं. मार्चअखेर मोठ्या कंपनीचा अकाउंट्सवाला याच भीतीने बिलं मोकळी करतो. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीच्या शेवटी थकबाकीची यादी नम्रपणे पाठवा. वर सहा लाख थकल्याचं उदाहरण दिलं ना, त्यातला मोठा भाग असा सुटतो. तुम्हीही इन्सर्ट, टूलिंग एखाद्या छोट्या उत्पादकाकडून घेत असाल तर हाच नियम तुम्हालाही आहे. तसंच एका दिवसात एकाला दहा हजारांच्या वर रोख दिलीत तर तो खर्च मान्य होत नाही. भंगारवाला, वेल्डर, रिपेअरवाला, सगळ्यांना बँकेतून द्या.

जुनी पुस्तकं, जुने व्हिडिओ बघताना एक सांभाळा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू आहे. १९६१ च्या कायद्यातले कलमांचे क्रमांक बदलले, आणि आर्थिक वर्ष एक, निर्धारण वर्ष दुसरं हा गोंधळ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने. लोक अजून बरीच वर्षं चव्वेचाळीस एडीच म्हणतील, त्याने बावरू नका.

कोर्स करायचाच असेल तर कराचा नको, हिशेब लिहिण्याचा करा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर स्वतःची बिलं चढवता आली, येणी-देणी वाचता आली की निम्मं काम झालं. ठाण्यात आणि वाशीत असे वर्ग आहेत, संध्याकाळचेही. मग सीएंकडे एक तास मागा, त्याचे पैसे देऊन. जुलै ते ऑक्टोबर सोडा, रिटर्न आणि ऑडिटच्या घाईत ते तुम्हाला नीट वेळ देऊ शकणार नाहीत. दिवाळीनंतर जा आणि कॉम्प्युटेशनची पहिली ओळ ते शेवटची ओळ, प्रत्येक आकडा ताळेबंदात किंवा एआयएसमध्ये कुठून आला ते दाखवायला सांगा. जे चांगले सीए असतात त्यांना असं गिऱ्हाईक आवडतं. त्याआधी घरी बसून प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरच्या कर गणकात तुमचे आकडे नव्या आणि जुन्या, दोन्ही प्रणालीत घालून बघा, लॉगिन करायचीही गरज नाही. जुन्या प्रणालीत जायचा मोह झाला तर आधी विचारा, कारण व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला तिथून परत नव्यात यायची संधी एकदाच मिळते.

आणि १५ डिसेंबरचा हप्ता येईल तेव्हा आकडा सीएंकडून येण्याची वाट बघू नका. नोव्हेंबरपर्यंतचा नफा, उरलेल्या चार महिन्यांचा अंदाज, त्यावरचा कर, टीडीएस वजा, त्याचे ७५ टक्के, त्यातून आधीचे दोन हप्ते वजा. तुम्ही काढा आणि त्यांना तपासायला पाठवा.